स्पीडगनचं चलन: कोर्टात हवालदाराची उलटतपासणी घ्यावी की नाही?

घाटमाथा
चलन तुम्हाला मान्य नसेल आणि खटला उभा राहिला, तर पोलिसाची उलटतपासणी आरोपी स्वतः घेऊ शकतो. माझं मत, घ्यावीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३(३) प्रमाणे एकट्या साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर अतिवेग शाबीत होत नाही. मोजणी यंत्राची लागते. मग यंत्रावरच बोला. क्रमांक काय? मंजुरीचं प्रमाणपत्र त्या तारखेला चालू होतं का? (नियम १६७अ मध्ये ते दरवर्षी नव्याने घ्यायचं आहे.) आज दाखल केलंय का?

रिकामी_निशाणी
शेवटचा प्रश्न म्हणजे आपल्याच पायावर धोंडा! कागद दाखल नाही हे निशाण्यांच्या (पुराव्यात दाखल कागदांना कोर्ट देतं त्या क्रमांकांच्या) यादीत दिसतंच. विचारलंत की सरकारी वकील सावध होतात, तारीख मागून कागद आणतात. फोटोच्या प्रिंटचंही तेच. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायचं) प्रमाणपत्र सोबत नसेल तर तो मुद्दा युक्तिवादापर्यंत राखून ठेवा. २०२० मध्ये जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्यातलं असंच प्रमाणपत्र बंधनकारक धरलं होतं.

घाटमाथा
कागदांपुरतं मान्य. पण साक्षीदाराला काहीच विचारलं नाही तर साक्ष बिनविरोध गेली असं धरतात. बचाव सूचनेच्या रूपात, म्हणजे आपलं म्हणणं साक्षीदारापुढे ठेवून, घालावाच लागतो: "रीडिंग माझ्या गाडीचं नसून शेजारच्या ट्रकचं आहे." हवालदार म्हणणार, "हे म्हणणे खरे नाही." म्हणू दे, नोंद तर झाली.

कोसाइन
ट्रकचा बचाव रडार असेल तरच जमतो, त्याचा झोत पसरट असतो. लेझरचा बारीक, थेट नंबरप्लेटवर धरता येतो. म्हणून आधी यंत्राचा प्रकार कागदावरून बघा. आणि "गन तिरकी धरली होती ना?" हे चुकूनही विचारू नका. तिरक्या कोनातून वेग कमीच दिसतो: २० अंशांवर ताशी १०० चे ९४. हवालदार हो म्हणाला तर तुम्ही आणखी जोरात होतात असा अर्थ निघतो!

रिकामी_निशाणी
शिवाय संक्षिप्त खटल्यात (छोट्या गुन्ह्यांच्या झटपट सुनावणीत) साक्षीचा सारांशच लिहिला जातो. वीस प्रश्नांच्या दोन ओळी होतात. हलक्या वाहनाला कायद्यात दंड १,००० ते २,००० रुपये. त्यासाठी किती हेलपाटे घालायचे? लोकअदालतीत तडजोड करून मोकळे व्हा.

घाटमाथा
दंडाचं सोडा. अतिवेगाच्या दुसऱ्या गुन्ह्याला त्याच कलमात लायसन्स अडकवून ठेवण्याची तरतूद आहे. आज निमूट भरलेलं चलन उद्या पहिला गुन्हा म्हणून पुढे येऊ शकतं.