ब्रॉडी हेल्मेट ग्राइंडरवर घासणाऱ्यांना

लोखंड्या, जालना
काल या ग्रुपवर एकानं फोटो टाकले. पहिल्या महायुद्धातलं ब्रॉडी हेल्मेट, म्हणजे ब्रिटिश फौजेचा थाळीसारखा पोलादी टोप, ग्राइंडरला वायरब्रश लावून पांढरंफट्ट केलेलं, वरून ट्रॅक्टरचा हिरवा स्प्रे. खाली लिहिलंय, 'नवंकोरं झालं'. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

अहो, तो खरखरीत थर म्हणजे घाण नव्हती. उन्हात चमकू नये म्हणून मूळ रंगातच वाळू नाहीतर लाकडाचा भुसा मिसळायचे. पुढं ज्याच्या ज्याच्या हाती हेल्मेट गेलं त्यानं आपला रंग वर चढवला, पण खालचा थर पुष्कळदा शाबूत राहतो. माझं मी भंगारात किलोच्या भावानं घेतलं. वर निळा ऑइलपेंट. कापसाच्या बोळ्यावर अ‍ॅसिटोन घेऊन अंगठ्याएवढ्या जागेवर सुरुवात केली. निळ्याखाली पिवळा, त्याखाली खाकी, आणि बोटाला वाळू लागली. तिथंच हात थांबवला. अकरा संध्याकाळी गेल्या त्यात.

घेताना खिशात चुंबक ठेवा. काठाला पट्टी असलेल्या मार्क वन ब्रॉडीची वाटी, म्हणजे मुख्य टोप, हॅडफिल्ड नावाच्या मँगनीज पोलादाची, तिला चुंबक चिकटत नाही. पट्टीला चिकटतं.

गोदाकाठ, नांदेड
तो फोटो माझा. तुमच्याच जालन्याच्या भट्ट्यांत असलं किती वितळून सळया झाल्या, ते सांगा आधी! मी घेतलं नसतं तर तेही गेलं असतं. गंज चढला होता, मुलाला भिंतीवर लावायचं होतं. माझे पैसे, माझी वस्तू.

लोखंड्या
भट्टीतून वाचवलंत, मान्य. मग घरी आणून का मारलंत? आणि जुन्या रंगात शिसं असतं. वायरब्रशची धूळ पोराच्या छातीत गेली त्याचं काय?

बालाघाटी, अंबाजोगाई
हेल्मेटाचं काय घेऊन बसलात! आमच्याकडं गावोगावच्या वीरगळांना, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या कोरीव दगडांना, ऑइलपेंट फासायलेत. आमच्या वेशीवरच्या वीराच्या हातातली तलवार लहानपणी बोटानं चाचपता यायची. आता चार थरांखाली नुसता फुगवटा उरलाय. हेमाडपंती देवळांचे खांब गुलाबी. त्यावर कुणी अकरा संध्याकाळी घालवल्यात का?

सरपंचपुत्र, परभणी
गावकरी वर्गणी काढून देव रंगवतात, त्यात भक्ती असते. देऊळ पडायला आलं तेव्हा तुम्ही कुठं होता? शहरात बसून शिकवू नका.

बालाघाटी
शहरात नाही, त्याच गावात राहतो मी! रंगानं दगडाचा ओलावा आत कोंडतो, पोपडे सुटतात. मग कुणीतरी सँडब्लास्टिंगवाला आणतं आणि मूर्तीचे नाक-डोळेही रंगाबरोबर जातात. आमच्या देवीच्या पायातले तोडे असेच गेले. मी समोर उभा होतो, थांबवू शकलो नाही.

सरपंचपुत्र
सँडब्लास्टिंग आमच्याकडंही झालं. ते चुकलंच. पण रंगावरून गावाला अडाणी म्हणू नका.

बालाघाटी
अडाणी शब्द मी वापरलाच नाही. वर जाऊन वाचा.

उस्मानाबादी
मूळ विषयावर या. विकणारा प्रत्येक लोखंडी टोप 'निजामाच्या फौजेचा, 1948 च्या पोलीस कारवाईतला' म्हणून गळ्यात मारतो. त्या गोष्टीचे पैसे देऊ नका, वस्तू बघा. आणि परदेशी गिऱ्हाईक शोधणाऱ्यांनी 1972 चा पुरावस्तू कायदा वाचावा. शंभर वर्षं उलटलेली वस्तू खासगी माणसाला बाहेर पाठवता येत नाही.

मांजराकाठची लेक, लातूर
आमच्या पणजोबांनी इराकातल्या बसऱ्याहून आणलेलं हेल्मेट गोठ्यात असायचं, आजी त्यात कोंबड्यांना पाणी ठेवायची. दर पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग आजोबा त्यावर फिरवायचे. काठाशी एक टवका उडालाय, तिथं लाल, निळा, परत लाल असे थर मोजता येतात. लोखंड्यादादा, तुमच्या हिशोबानं हा रंग काढायचा का? त्याखाली फौजेची वाळू असेलही. पण वरचा हात माझ्या आजोबांचा आहे.

लोखंड्या
नाही ताई, काढू नका. मूळ रंगापर्यंत जायलाच हवं असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. तुमच्या हेल्मेटाला ते लागू नाही, हे कबूल करावं लागतंय. साबणही लावू नका, कोरड्या मऊ फडक्यानं पुसा.

गोदाकाठ, बाहेरचं तर गेलं. आतलं अस्तर शिल्लक आहे का? त्याला ब्रश लावू नका, काहींच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असतं.

गोदाकाठ
आत हात लावलेला नाही. मुलाच्या खोलीतून काढून वर माळ्यावर ठेवलंय. उद्या उजेडात फोटो टाकतो.