दुकानात सोडलेला सुगंध ही जाहिरात की घुसखोरी?

निशाचर: गिऱ्हाईक रेंगाळावं म्हणून दुकानात यंत्राने सुगंध सोडतात, हे मला पटत नाही. फलक नको असेल तर मान वळवता येते. श्वास कसा थांबवणार? त्यात गंधाचा मेंदूतला रस्ता वेगळा. बाकीच्या संवेदना आधी थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या केंद्रातून जातात. वास तो टप्पा टाळून भावना आणि आठवणींशी निगडित भागांपर्यंत पोचतो. विक्रेत्याला हे ठाऊक असतं, आपल्याला मात्र वास सोडलाय याचाही पत्ता नसतो. चवीचं तसं नाही. नमुना पुढे केला तर ‘नको’ म्हणता येतं.

डावखुरा: असहमत. दिवे, रंग, संगीत यांतलं काय आपल्याला विचारून लावतात? बेकरीचा वास रस्त्यावर येतो, त्याला फसवणूक म्हणाल का? उलट चवीबाबत तुम्ही फार निर्धास्त आहात. फुकटचा घास तोंडात गेला की भिडेखातर पाकीट घेतलंच जातं.

निशाचर: बेकरीत पाव खरोखर भाजला जात असतो, तो वास मालाचाच. कपड्यांच्या दुकानातल्या अत्तराचा कापडाशी काय संबंध? २००६ साली सॅन फ्रान्सिस्कोत दुधाच्या जाहिरातीसाठी बसथांब्यांवर कुकीजचा वास लावला होता. ॲलर्जीवाल्यांचा विचार करा, अशा तक्रारी आल्या आणि तो लगेच काढावा लागला. दम्याच्या माणसाने बसची वाट कुठे बघायची?

कडूगोड: बसथांब्याबाबत निशाचर यांच्याशी पूर्ण सहमत, तिथे माणूस खरेदीला आलेलाच नसतो. पण चवीची ताकद दोघेही जास्त धरताय. कोका-कोलाचं न्यू कोक आठवा. सुमारे दोन लाख लोकांना चाखायला देऊन १९८५ मध्ये नवी चव आणली. चाचण्यांत ती सरस ठरली होती, तरी लोक इतके खवळले की ७९ दिवसांत जुनं पेय परत आणावं लागलं. घोटभर गोड आवडणं वेगळं, रोजची सवय वेगळी.

डावखुरा: तेच म्हणतोय! ग्राहक इतका दुबळा नाही. सार्वजनिक जागेतला वास बंद करा, मान्य. दुकान मात्र मालकाचं आहे.

निशाचर: मालकाचं असेल, पण हवा आत येणाऱ्या प्रत्येकाच्या छातीत जाते. बंदी मी मागतच नाही. ‘इथे कृत्रिम सुगंध सोडला जातो’ एवढी पाटी दारावर लावा.

डावखुरा: पाटीला माझी ना नाही. ती वाचूनही लोक आत जातील, एवढं मात्र मी पैजेवर सांगतो.

निशाचर: जाऊ देत की. कळून जातील.