कंटेनर हा ‘थोर शोध’ म्हणायचा का?

शिवडीकर: मुलीला नववीत प्रकल्प आहे, जग बदलणारा शोध. सगळी पोरं छपाई नाहीतर वाफेचं इंजिन घेतायत. मी म्हटलं, कंटेनर घे. बाई म्हणतात, "तो तर नुसता लोखंडी डबा!" काय करावं?

गोदीवाला: डब्यात काही नाहीच हो, मापात आहे. आमचे बाबा इंदिरा गोदीत होते. एकेक गोण पाठीवर, जहाज रिकामं व्हायला दिवसचे दिवस. 1956 मध्ये अमेरिकेत माल्कम मॅकलीनने न्यूअर्कहून ह्यूस्टनला जहाजाने 58 कंटेनर धाडले. पुढे मापं जगभर एक ठरली, म्हणून तोच डबा ट्रकवर, रेल्वेवर, जहाजावर बसतो. मॅकलीन मूळचा ट्रकवाला, हे बाईंना आवर्जून सांगा. 1989 ला न्हावाशेवाचं कंटेनर बंदर सुरू झालं आणि आमच्या आळीतली गोदीची कामं आटली.

काळाचौकी: मी सुएझ घेतला असता. 1869 ला कालवा उघडला, आफ्रिकेचा वळसा वाचला, मुंबईचं नशीब फळफळलं. फायदा राणीच्या साम्राज्याचा, पण सुरुवातीची वर्षं खणणारे इजिप्तचे वेठबिगार. पुस्तकात नाव मात्र कालव्याची कंपनी काढणाऱ्या फ्रेंच दे लेसेप्सचं!

शिवडीकर: कंटेनरच ठेवतो. गोदीवाले, बाबांचा गोणी उचलायचा हूक अजून आहे का? फोटो मिळाला तर प्रकल्पात चिकटवू.