औषध 'हलकं' केलं म्हणून डॉक्टरांशी भांडलात का कधी?

रामबागवाली: काल कपाट आवरताना बाबांची २०१९ ची फाइल सापडली आणि सगळं परत डोळ्यांपुढे आलं. न्यूमोनिया, इथलंच इंदूरचं हॉस्पिटल. तिसऱ्या दिवशी राउंडला मायक्रोबायोलॉजीच्या (जंतू तपासणीच्या) मॅडम आल्या, कल्चर, म्हणजे जंतू वाढवून त्याला कुठलं औषध चालतं ते बघतात तो रिपोर्ट, बघून म्हणाल्या हे भारी अँटिबायोटिक इंजेक्शन बंद, साधं द्या, उद्यापासून गोळी. मी कॉरिडॉरमध्ये भांडले हो, माणूस आत्ता कुठे सावरतोय आणि तुम्ही औषध काढता? त्यांनी मला बसवून रिपोर्टवरचे एस आणि आर दाखवले. एस म्हणजे जंतू त्या औषधाने मरतो, आर म्हणजे दाद देत नाही. बाबांच्या जंतूला साधं औषध पुरेसं होतं. पाचव्या दिवशी घरी आलो. तुमचं काय झालं, सांगा.

नाइट ड्यूटी: सिस्टर आहे, पटापट लिहिते. आमच्याकडे कोलिस्टिन, लिनेझोलिड असलं राखीव, म्हणजे बाकीची चालेनात तेव्हासाठी ठेवलेलं, अँटिबायोटिक लिहिलं की वेगळा फॉर्म, कारण द्यायचं, ४८ ते ७२ तासांनी परत तपासायचं. आधी डॉक्टरच वैतागायचे, आता स्वतःच विचारतात कल्चर आलं का. आणि पहिल्या डोसच्या आधी रक्त घेतो तेव्हा ओरडू नका हो, औषध गेल्यावर जंतू सापडणं अवघड होतं.

दवा बाजार: औषधाचं दुकान आहे माझं. २०१४ पासून शेड्यूल एच१ आहे, सरकारी यादी, बरीच अँटिबायोटिक्स तिच्यात; ती विकली की डॉक्टर-पेशंटचं नाव रजिस्टरला, तीन वर्षं सांभाळायचं. तरी रोज "भैया दो गोली दे दो". गोळ्यांच्या स्ट्रिपवर लाल रेघ आहे का बघा, असली तर ती गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही.

सुदामानगर: माझ्या लेकीला दर तापाला उरलेलं अँटिबायोटिक सिरप द्यायचो, सासूबाई प्रेमानेच द्यायच्या, मीही अडवलं नाही. पाचव्या वर्षी लघवीचं इन्फेक्शन झालं आणि रिपोर्टवर आर, आर, आर. तोंडाने घ्यायचं एकही औषध चालेना, दहा दिवस सलाइन, शिर सापडायची नाही आणि ती "आई पुरे" म्हणायची. अजून झोप उडते.

रामबागवाली: अगं बाई गं. आता बरी आहे ना?

सुदामानगर: हो, आठवीत आहे, कथक करते.

नाना: जंतू औषधांना दाद देईनासे होतात त्याबद्दलचा मध्य प्रदेशाचा अ‍ॅक्शन प्लॅनही २०१९ चाच, केरळनंतर आपलाच. रामबागताई, बाबा कसे आहेत?

रामबागवाली: ठणठणीत, सकाळी पोहे हवेतच!

पलासिया: आईला परवा अ‍ॅडमिट केलंय, आज तिसरा दिवस, हे वाचतेय वॉर्डाबाहेर बसून. डॉक्टरांना विचारलं तर राग येईल का?

नाइट ड्यूटी: मुळीच नाही. कल्चर पाठवलंय का, कधी येणार, गोळीवर कधी आणणार, एवढंच विचारा. आणि खाऊन घ्या काहीतरी.

पलासिया: विचारलं. रिपोर्ट संध्याकाळी येतोय, मग बदलू म्हणाले.