एस्टीमची सायलेन्सर लाईन स्टेनलेसमध्ये बनवायची आहे: ३८ की ५१ एमएम? (कोल्हापूर)

एस्टीम_झिरोनाईन

नमस्कार मंडळी, जरा मार्गदर्शन पाहिजे.

गाडी २००४ ची एस्टीम. १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचं) इंजिन, कंपनीच्या कागदावर ८५ बीएचपी. इंजिनला काही केलेलं नाही, करायचंही नाही. कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागची लाईन मात्र संपली. मधल्या डब्याची चाळण झालीय, आणि मागच्या डब्यात पॅच किती आणि मूळ पत्रा किती हा संशोधनाचा विषय आहे. बाजारात मिळतो तो माल पातळ पत्र्याचा, दोन पावसाळे काढले तरी पुष्कळ. म्हणून एकदाच स्टेनलेसमध्ये सगळी लाईन बनवून घ्यावी असं डोक्यात आहे. आवाज काढायचा नाहीये हे आधीच सांगतो. दर पौर्णिमेला आईला घेऊन नरसोबाच्या वाडीला जातो, तिनं मागच्या सीटवर कानात बोटं घालून बसायला नको.

अडलंय ते मापावर. मूळ पाईप कॅलिपरनं बाहेरून ३८ एमएमच्या आसपास भरतो. नेटवर बघावं तर एवढ्या ताकदीला पावणेदोन इंची, म्हणजे साडेचव्वेचाळीस एमएम सांगतात. उद्यमनगरात फिरलो तर तयार बेंड दोनच मापांत, ३८ आणि ५१. तेही डेअरीच्या दुधाच्या लाईनला लावतात ते, ३०४ ग्रेडचे, आतून-बाहेरून आरशासारखे. मधलं माप कुणाकडंच नाही. एक जण म्हणाला, साडेचव्वेचाळीसचा सरळ पाईप आण, वाळू भरून तापवून वाकवून देतो.

तर ३८ घालू, ५१ घालू की वाळूवाल्याकडं जाऊ? ८०-९० च्या स्पीडला केबिनमध्ये जो घुमारा बसतो तो कसा टाळायचा? आणि गाडी पंधरा वर्षांपलीकडची, लवकरच परत पासिंग आहे. त्यात काही लचांड नको.

गगनबावडा_एक्सप्रेस

५१ टाक भावा, विचार काय करतोस! घाटात तिसऱ्या गिअरला नाद खुळा आवाज येतोय.

एस्टीम_झिरोनाईन

भावा, आवाज नको म्हणून तर एवढं रामायण लिहिलं की वर 😄

शिरोलीकर_काका

पाईपचं माप बाहेरून बघू नकोस, आतलं बघ. १.६ एमएम जाडीचा पाईप धरला तर ३८ ला आतून ३४.८ राहतात, साडेचव्वेचाळीसला ४१.३ आणि ५१ ला ४७.८. गॅसला वाट मिळते ती क्षेत्रफळाची: साधारण ९५०, १३४० आणि १७९५ चौरस मिलिमीटर. म्हणजे तुला जे पाहिजे त्याच्यापेक्षा ३८ ला तीस टक्के कमी आणि ५१ ला चौतीस टक्के जास्त. त्यात तुझा मूळ पाईप पातळ असणार, त्यामुळं डेअरीचा ३८ लावलास तर नवीन लाईन जुनीपेक्षा किंचित अरुंदच होईल. पैसे घालून पुन्हा मागं जायचं, हे मला पटत नाही.

५१ नं गाडी ओढत नाही असं गावभर सांगतात, तेही अर्धंच खरं. खालच्या आरपीएमची ओढ बिघडते ती मुख्यतः हेडरमध्ये, म्हणजे इंजिनला लागून असलेल्या पहिल्या पाईपांत, गडबड केली की. कॅटच्या मागं येईपर्यंत गॅस बराच थंड होऊन आकुंचन पावलेला असतो. तिथं मोठा पाईप घातलास तर ताकद फारशी जाणार नाही, पण वाढणारही नाही. वाढेल तो आवाज, वजन आणि मागच्या सस्पेन्शनवरून पाईप न्यायची डोकेदुखी. शिवाय स्पीडब्रेकरला घासणारा पाईप तुझाच.

वाळू भरून वाकवणं ही पद्धत वाईट नाही. नुसत्या प्रेसवर दाबलेल्या बेंडपेक्षा तिचा गोलावा चांगला राहतो. पण ती साध्या लोखंडासाठी. ३०४ ला तापवून लाल केलंस आणि ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळू दिलंस की त्यातलं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं आणि नेमका बेंडच गंजायला लागतो. मग स्टेनलेस कशाला घेतलं?

मी असतो तर मधलंच माप धरलं असतं. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सीएनसी ट्यूब बेंडिंगवाले बघ, विशेषतः बसच्या सीटा किंवा फर्निचरची फ्रेम करणारे. पावणेदोन इंची डाय (वाकवायचा साचा) आणि आत मँड्रेल (पाईप दबू नये म्हणून आत घालतात तो दांडा) आहे का, एवढं विचार. सुट्या कामाला कुरकुर करतात, त्यांच्या चालू कामात आपलं बसवून घ्यावं लागतं.

दूधलाईन_वेल्डर

काकांचं बरोबर हाय. एक ध्यानात ठेव, साडेचव्वेचाळीसचा सरळ पाईप रेलिंगच्या दुकानातनं घेऊ नको. तिथं २०२ ग्रेड ३०४ म्हणून गळ्यात मारत्यात. लोहचुंबक लावून कळत नाही, दोन्हीला चिकटत नाही. भंगारवाल्याकडं टेस्टिंगचं लिक्विड असतंय, थेंब टाकला की २०२ वर लाल रंग धरतंय. फुकट करून देत्यात, ओळख पाहिजे फक्त.

वेल्डिंग टिगनंच (अर्गॉन गॅसच्या आडोशातलं वेल्डिंग) करून घे, आणि पाईपच्या आत अर्गॉन सोडून. आतनं गॅस नसला तर वेल्डच्या मागच्या बाजूला काळा खरबरीत थर येतोय, गंजाची सुरुवात तिथनंच. डेअरीचं काम करणाऱ्या पोराला हे सांगावं लागत नाही, गॅरेजवाल्याला सांगावं लागतंय. ३०४ ला ३०४ जोडताना फिलर (जोडात वितळवायची तार) ३०८एल. कॅटची जुनी फ्लँज (जोडाची चकती) लोखंडी असंल तर तिथं मात्र ३०९एल.

एस्टीम_झिरोनाईन

काका, दादा, मनापासून आभार. ४०९ ग्रेडच्या स्टेनलेसबद्दल कुणी बोललं नाही. कंपनीवाले तोच वापरतात म्हणे?

शिरोलीकर_काका

वापरतात, कारण स्वस्त आणि तापून फुगतो कमी. वरून तांबूस होतो, पण त्यानं काही बिघडत नाही. लोहचुंबक चिकटतो त्याला. फक्त सुटा पाईप मिळवताना तुझी चप्पल झिजेल. ३०४ घेतलास तर फुगण्याची सोय ठेव. तीन मीटरची लाईन ३०० अंशांनी तापली तर ३०४ साधारण १५ एमएम लांबतो, ४०९ दहा-अकरा. हँगर सगळे रबरीच ठेव, कुठंही बोल्टनं आवळू नकोस. तुझं इंजिन आडवं बसवलेलं आहे, ॲक्सिलरेटर दाबला की पुढं-मागं झुलतं. तेव्हा पुढचा लवचिक जोड मूळचाच ठेव. तो काढून ताठ पाईप घातला की इंजिनजवळच्या मॅनिफोल्डला तडा ठरलेला.

मोजपट्टी

घुमाऱ्याबद्दल लिहितो, ते राहिलंच. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोकला प्रत्येक फेरीत दोन स्फोट. ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या, म्हणजे १०० हर्ट्झ. पाचव्या गिअरला ८०-९० च्या आसपास तुझी गाडी साधारण याच टप्प्यात असणार. एवढा खालचा स्वर काचलोकर भरलेल्या सरळ डब्याला अजिबात दाबता येत नाही, तो फक्त वरची कर्कशता मारतो. म्हणून बाजारातला तो चकचकीत 'स्पोर्ट्स' डबा घेऊ नकोस. मागं आत कप्पे असलेला, कंपनीच्या धर्तीचा डबा घे, आणि मधला डबा जिथं होता तिथंच ठेव.

तरीही घुमलं तर एक बंद तोंडाची फांदी जोडता येते. मुख्य पाईपला टी मारून बाजूनं समांतर नेलेला, टोकाला बंद केलेला पाईप. लांबी त्या स्वराच्या तरंगलांबीच्या पाव भागाएवढी. फांदीतला गॅस मुख्य लाईनपेक्षा थंड असतो, आवाजाचा वेग सेकंदाला ४०० मीटर धरला तर १०० हर्ट्झला बरोबर एक मीटर येते. टोपण लगेच वेल्ड करू नका. क्लॅम्पनं लावून मागं-पुढं करत रस्त्यावर ऐकायचं आणि मग पक्कं करायचं. याला मात्र तुझा डेअरीचा ३८ चा पाईप चालेल.

पासिंगचं म्हणशील तर कॅट आणि ऑक्सिजन सेन्सरला हात लावू नकोस, बाकी काळजीचं कारण मला दिसत नाही. सेन्सरच्या अलीकडं जोड गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, वाटतं आणि तो पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेजही जातं, पीयूसीही. आवाज मात्र मूळच्या पातळीवर ठेव. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १० हजारांपर्यंत जातो, शिवाय लायसन्स तीन महिने निलंबित.

गगनबावडा_एक्सप्रेस

मी ५१ चं म्हणणं मागं घेतो 🙏

दूधलाईन_वेल्डर

अजून एक. डबे आतनंच कुजत्यात, पावसानं नाही. एक लिटर पेट्रोल जळालं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतंय. राजारामपुरी ते शाहूपुरी असल्या बारक्या फेऱ्यांत पाईप तापतच नाही, ते पाणी डब्यात साचतंय. प्रत्येक डब्याच्या सगळ्यात खालच्या जागी ३ एमएमचं भोक मारून घे.

एस्टीम_झिरोनाईन

गोकुळ शिरगावात एक बेंडिंगवाला मिळाला, पावणेदोनची डाय आहे त्याच्याकडं. पुढच्या आठवड्यात त्याचा सीटांचा लॉट लागेल तेव्हा माझे बेंड काढून देतो म्हणाला. तारेचा साचा बनवून द्यायचाय. शेवटचा प्रश्न: वेल्डिंग गाडीवरच करायचं की काढून?

शिरोलीकर_काका

टॅक (जागेवर धरण्यापुरते वेल्डचे ठिपके) गाडीवर मार. गाडी जॅकवर लटकती नको, चाकांवर उभी पाहिजे, म्हणजे मागचं सस्पेन्शन खरोखर जिथं बसतं तिथून अंतर मिळेल. पाईपभोवती सगळीकडं बोटभर जागा ठेव, पेट्रोल टाकीच्या बाजूला त्याहून जास्त. मग उतरवून टेबलावर पूर्ण वेल्ड. आणि गाडीवर टॅक मारायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायला सांग, नाहीतर ईसीयूचा खर्च या सगळ्या लाईनपेक्षा जास्त निघेल.