रोपवाटिकेच्या पिशव्यांत कंपोस्ट आणि रासायनिक खत यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न : नवी_रोपे

साग, करंज आणि जांभूळ या तीन झाडांची रोपे मी एकाच मिश्रणात वाढवत आहे. मिश्रणात निम्मे कंपोस्ट असून उरलेल्या निम्म्यात पोयटा आणि वाळू आहे. हे कंपोस्ट पालापाचोळा, लाकडाचा भुसा आणि थोडे शेण यांपासून दोन महिन्यांत तयार केलेले आहे. करंज आणि जांभळाची रोपे हिरवीगार आहेत, परंतु सागाची वाढ चार पानांवर थांबली असून खालची पाने पिवळी पडत चालली आहेत. नत्र कमी पडत असावे असे समजून मी एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम युरिया विरघळवून सर्व पिशव्यांना दिला, तर तिसऱ्या दिवशी सागाच्या पानांच्या कडा करपल्या. निम्मे कंपोस्ट असूनही नत्र कमी कसे पडते, आणि यापुढे रासायनिक खत पूर्णपणे टाळावे का?

उत्तर : मृदावाचक

आपले निदान योग्य वाटते, चुकली ती मात्रा. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडणे हे नत्राच्या कमतरतेचे लक्षण आहे. लोह कमी असते तर शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी पडून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या असत्या.

माझा संशय कंपोस्टवर आहे. लाकडाच्या भुशात कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र अत्यल्प असते, त्यामुळे तो दोन महिन्यांत क्वचितच पुरता कुजतो. चांगल्या मुरलेल्या कंपोस्टचे कर्ब-नत्र गुणोत्तर साधारणपणे २०:१ च्या खाली आलेले असते. ते ३०:१ च्या वर असतानाच कंपोस्ट पिशवीत भरले, तर सूक्ष्मजीव कुजवण्याचे अर्धवट राहिलेले काम तेथेच पुढे चालू ठेवतात आणि त्यासाठी लागणारे नत्र रोपाच्या वाट्यातून उचलतात. करंज आणि जांभूळ यांचे बी मोठे असल्यामुळे ती रोपे बराच काळ बियांतील साठ्यावर जगतात, शिवाय करंजाच्या मुळांवर गाठी धरल्यास त्याला हवेतील नत्रही मिळते. सागाचे बी मात्र लहान असते आणि त्यातील शिदोरी लवकर संपते. करंज हिरवा आहे म्हणून मिश्रण चांगले आहे, असा निष्कर्ष त्यामुळेच काढता येत नाही.

आता युरियाविषयी. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे आपल्या द्रावणात लिटरला २,३०० मिलिग्रॅम नत्र होते. पिशवीतील कोवळ्या रोपांना नियमितपणे द्यायच्या द्रावणात ते ५० ते १५० मिलिग्रॅम एवढेच पुरते. एवढ्या तीव्र द्रावणाने मुळांना पाणी ओढणे कठीण जाते, आणि युरियाचे विघटन होताना तयार होणारा अमोनिया कोवळ्या मुळांना इजा करतो. तूर्तास पिशव्या साध्या पाण्याने दोन वेळा इतक्या भिजवाव्यात की तळाच्या छिद्रांतून पाणी मोकळेपणाने वाहील. नवी पालवी दिसल्यावर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी १९ टक्के) हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात, आठवड्यातून एकदा, माती ओलसर असताना द्यावे आणि नंतर पाने धुऊन घ्यावीत.

उत्तर : पालापाचोळा

मी रासायनिक खत वापरत नाही. कंपोस्ट किमान पाच-सहा महिने मुरू दिले, तर मिश्रण भुसभुशीत राहते, ओल टिकते आणि सूक्ष्म अन्नद्रव्येही मिळतात. शिवाय स्फुरद जास्त झाल्यास मुळांवर मायकोरायझा (मुळांशी जोडून राहून त्यांना पाणी आणि अन्नद्रव्ये मिळवून देणारी बुरशी) नीट जम धरत नाही, आणि नत्र जास्त झाल्यास करंजासारख्या झाडांच्या गाठी कमी होतात. रोपवाटिकेत टवटवीत दिसणारे रोप माळावर लावल्यावर मान टाकते, ते यामुळेच.

उत्तर : मृदावाचक

मायकोरायझा आणि गाठींविषयीचा आपला मुद्दा मला मान्य आहे, पण त्यावरून रासायनिक खत पूर्ण वर्ज्य ठरत नाही. कंपोस्टमधील बहुतांश नत्र सेंद्रिय रूपात बांधलेले असते आणि पहिल्या वर्षी त्याचा थोडाच भाग मोकळा होतो. सागासारखे प्रकाशप्रिय, भरभर वाढणारे रोप लहान पिशवीत तेवढी वाट पाहू शकत नाही. सावलीत सावकाश वाढणाऱ्या, मोठ्या बियांच्या जातींना ती वाट परवडते. म्हणून मी मिश्रणात मुरलेले कंपोस्ट एक चतुर्थांश ते एक तृतीयांश ठेवतो आणि नत्राची उणीव सौम्य द्रावणाने भरून काढतो. शेंगवर्गीय झाडांना मात्र द्रावण अगदी कमी देतो. यालाही अपवाद आहे : बहावा शेंगवर्गीय असला तरी त्याच्या मुळांवर गाठी येत नाहीत, त्यामुळे त्याला करंजाच्या रांगेत बसवू नये.

खताच्या हळूहळू विरघळणाऱ्या आवरणयुक्त गोळ्या वापरणार असाल, तर वेष्टनावरील कालावधीवर विसंबू नये. तो बहुधा २१ अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान गृहीत धरून दिलेला असतो. उष्ण हवेत गोळ्या त्याहून लवकर रित्या होतात. आणि माळावर मान टाकण्याचे म्हणाल, तर त्यामागे बहुतेक वेळा शेवटपर्यंत दिलेले नत्र असते. लागवडीच्या चार ते सहा आठवडे आधी नत्र थांबवून पाणी आणि सावली क्रमाने कमी केली, तर खोड टणक होते.

प्रश्न : नवी_रोपे

दोघांचेही आभार. कंपोस्ट पुरते मुरले आहे की नाही, हे प्रयोगशाळेशिवाय ओळखता येते का?

उत्तर : पालापाचोळा

पिळलेल्या फडक्याइतके ओलसर कंपोस्ट पिशवीत बंद करून तीन दिवस ठेवावे. उघडताना आंबूस किंवा अमोनियाचा वास आला, अथवा आत ऊब जाणवली, तर ते कच्चे आहे. यासोबत मुळ्याचे बी थोड्या कंपोस्टमध्ये आणि थोडे नुसत्या वाळूत पेरावे. कंपोस्टमधील उगवण वाळूपेक्षा स्पष्टपणे कमी असेल, तर ढीग वरखाली करून, शेण मिसळून, आणखी काही आठवडे मुरू द्यावा.

प्रश्न : नवी_रोपे

पिशवी आज उघडली. आंबूस वास आहे आणि हाताला ऊबही लागते. ढिगात शेण मिसळले आहे. सागाच्या पिशव्या धुऊन झाल्या असून आता पालवीची वाट पाहत आहे.