मधुमेह असलेली घरं: नागपूरकरांचे अनुभव

१४ नोव्हेंबरला शाळाशाळांत बालदिनाची धामधूम असते. जागतिक मधुमेह दिनही त्याच तारखेला असतो, कारण इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंगचा तो वाढदिवस. बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ साली टोरांटोत ते शोधलं आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. या औषधाची सुरुवातच एका मुलापासून झाली. तरी आपल्याकडे मधुमेह म्हटलं की डोळ्यांपुढे पन्नाशीचे, पोट सुटलेले काकाच येतात.

मी शाळेत शिकवते. आईला आणि सासऱ्यांना टाइप २ आहे, म्हणजे बहुधा मोठेपणी होणारा मधुमेह, आणि माझ्या वर्गातल्या एका मुलीला टाइप १, ज्यात शरीरात इन्सुलिनच बनत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली आलेल्या अभ्यासानुसार देशात मधुमेह असलेल्यांची संख्या दहा कोटींच्या वर आहे. डॉक्टरांसमोर यातल्या बहुतेकांना मिळतात दहा मिनिटं. उरलेला सगळा वेळ आजार सांभाळतं ते घर. म्हणून घरात काय करता, काय घडलं, काय उशिरा कळलं, ते इथे लिहा. नाव नको, वस्ती आणि नातं पुरे. एकच विनंती, आपला डोस लिहू नका. वाचणारा तो स्वतःला लावून घेईल, याची मला खरंच भीती वाटते.

आई, प्रतापनगर

मुलीला टाइप १ सातव्या वर्षी निघाला. महिना एप्रिलचा. ती सारखी पाणी मागायची, पण नागपूरच्या एप्रिलमध्ये पाणी कोण मागत नाही? रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं, ते कधीचंच बंद झालेलं होतं. सासूबाई म्हणाल्या, झोपताना एवढं पाणी पिते म्हणून होतंय. गाल बसले, तर उन्हामुळे जेवण जात नाही असं सगळे म्हणाले. प्रत्येक लक्षणाचं खापर उन्हाळ्यावर फुटत गेलं. मग उलट्या आणि पोटदुखी सुरू झाली. एका दवाखान्यात "ऊन लागलं" म्हणून औषध देऊन घरी पाठवलं. संध्याकाळी ती खोल, लांब लांब श्वास घ्यायला लागली आणि तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास यायला लागला. दुसऱ्या डॉक्टरांनी बोटातून रक्ताचा थेंब घेऊन मीटरला लावला. मीटरने आकडा दाखवलाच नाही, नुसतं "हाय" आलं, म्हणजे साखर मीटरच्या मापापलीकडे गेलेली. तिथून थेट आयसीयू.

नंतर डॉक्टरांनी समजावलं ते मला आजही पाठ आहे. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. रक्तात साखर भरपूर, पण इन्सुलिन नाही म्हणून ती पेशींत शिरत नाही. मग शरीर चरबी जाळतं, कीटोन नावाचे पदार्थ तयार होतात, रक्त आम्लधर्मी होतं आणि काही तासांत जीवावर बेततं. म्हणून हात जोडून सांगते: मूल खूप पाणी पितंय, सारखी लघवी करतंय, वाळतंय, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालंय, तर उन्हाळा असो की हिवाळा, त्याच दिवशी मीटरवर एक थेंब तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

घरी आलेल्या प्रत्येकाने विचारलं, "खूप चॉकलेट खायची का?" नाही. टाइप १ गोड खाऊन होत नाही आणि पथ्य पाळून जात नाही. आईच्या मनात हे विष कालवू नका.

आता रोज दीर्घकाळ टिकणारं एक इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाआधी झटपट काम करणारं दुसरं. ताटात किती कर्बोदकं आहेत ते मोजून जेवणाचा डोस ठरतो. मध्यम पोळीत साधारण पंधरा ते वीस ग्रॅम. भात मी वाटीने मोजून वाढते. आधी वाटायचं, हे जमणार नाही. आता मुलगीच सांगते, "आई, आज दीड पोळी धर."

तान्हा पोळ्याला पहिल्या वर्षी तिला घरात ठेवायचं ठरत होतं. नागपुरात लाकडी नंदी घेऊन पोरं दारोदार जातात आणि ही खिडकीतून बघणार? डॉक्टर म्हणाले, जाऊ द्या, खाऊ घरी आणायला सांगा, त्यातला आवडीचा निवडून जेवणासोबत मोजून द्या. नंदी सजवला, ती गेली, पिशवीभर खाऊ आणला. आता दरवर्षी असंच.

वर्गशिक्षिका (धागा काढणारी)

ताई, शाळेच्या बाजूने थोडं सांगते. सीबीएसईने २०१७ पासून टाइप १ असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाण्याचा जिन्नस जवळ ठेवायची मुभा दिली आहे, पण वर्गातल्या साध्या चाचणीत शिक्षकाला हे ठाऊक नसलं तर मूल डबा उघडायला घाबरतं. माझ्या टेबलाच्या खणात ग्लुकोजची पुडी असते. पीटीच्या सरांनाही सांगून ठेवलंय, कारण खेळताना साखर उतरते. पालकांनी वर्षाच्या सुरुवातीला एक कागद शाळेत द्यावा: साखर लो झाल्याची लक्षणं, काय द्यायचं, कुणाला फोन करायचा.

औषध दुकानदार, महाल

एक गोष्ट कित्येकांना माहीत नसते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या ४० युनिट प्रति मिली ताकदीच्या असतात आणि पेनची काडतुसं १०० च्या. सिरिंजही दोन प्रकारच्या: लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी १०० साठी. ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज अशी जोडी जमली, तर २० च्या रेघेपर्यंत भरलं तरी अंगात जातात फक्त ८ युनिट. उलटं झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने घेतलं, तर २० च्या रेघेला ५० युनिट जातात. माणूस बेशुद्ध पडतो. गावाहून येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी दर वेळी बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून दाखवतो. तुम्हीही काउंटरवर दोन्हीवरचा आकडा वाचून घ्या.

दुसरं, ऊन. न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं, पण फ्रीझरला चिकटवून नाही. गोठलं की ते वाया गेलं. वापरात असलेलं साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण खोली पंचवीस-तीस अंशांच्या आत हवी. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसच्या वर जातो, मग बाहेर ठेवणार कुठे? स्कूटरच्या डिकीत तर अर्धा तासही नको. फ्रीज नसलेल्यांना मी मडक्याची युक्ती सांगतो. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात कोरड्या डब्यात बाटली, वरून ओलं फडकं. विदर्भाची हवा कोरडी, म्हणून पाणी झपाट्याने उडतं आणि आतला गारवा टिकतो. बर्फात मात्र बाटली ठेवू नका.

भाऊ, उत्तर नागपूर

सिकलसेलच्या घरांनी हे वाचा. माझ्या बहिणीला एसएस सिकलसेल आहे, म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला लाल पेशींचा आनुवंशिक आजार. तहान, थकवा, जखम भरत नाही, म्हणून तपासणी केली. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, अगदी नॉर्मल. सगळे निश्चिंत झाले. पण शेजारच्या काकांच्या मीटरवर जेवणानंतर तपासलं की अडीचशेच्या वर. दोन महिने आम्ही मीटरच खराब आहे असं धरून चाललो.

मग एका डॉक्टरांनी उलगडून सांगितलं. एचबीएवनसी म्हणजे लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली त्याचं माप. निरोगी माणसाची लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून ते माप तीन महिन्यांचं. सिकलसेलमध्ये पेशी त्याच्या कितीतरी आधी फुटतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. रक्त चढवलेलं असेल तर आणखी गोंधळ. बहिणीचं निदान शेवटी उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या शुगरवरून झालं. आता फ्रुक्टोसामिन नावाची रक्ताची तपासणी करतात, त्यातून मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज येतो. विदर्भात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. एएस, म्हणजे नुसते वाहक असाल, तरी लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. काही पद्धतींत त्यानेही आकडा चुकतो.

एसटी चालक, गणेशपेठ

मी शुगरची गोळी घेतो, ग्लिमेपिराइडवाली. त्या दिवशी अमरावती रोडवर जाम लागला, जेवायचा टाइम निघून गेला. बाजारगावच्या अलीकडे हात थरथरून राहिले, घाम फुटला, समोरचे दिवे दोन-दोन दिसून राहिले. कंडक्टर म्हणे, "भाऊ, काऊन असं करून राहिले?" गाडी बाजूला घेतली. त्याच्या डब्यातली साखर तीन चमचे पाण्यात टाकून पेलो. पंधरा मिनिटं बसलो, मग थोडं खाल्लं, बरं वाटल्यावरही तासभर थांबूनच गाडी काढली. आता डॉक्टरनं गोळी बदलून दिली आणि खिशात ग्लुकोज असतेच. सत्तरच्या खाली शुगर गेली की गोड पाहिजे, तेही लगेच विरघळणारं. पेढा-बर्फी नाही, तुपामुळे साखर चढायला वेळ लागते. चालवणाऱ्या सगळ्या भावांनी डॉक्टरला आपलं काम सांगावं.

सेवानिवृत्त, सक्करदरा

मे महिन्यात देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातल्या. चटका जाणवलाच नाही. घरी सुनेने तळव्याचे फोड पाहिले. पंधरा वर्षांच्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या. जखम भरायला पावसाळा उजाडला. आता रोज रात्री आरसा खाली ठेवून तळवे पाहतो, मोज्याशिवाय दुपारी बाहेर पडत नाही, आणि वर्षातून एकदा डॉक्टर नायलॉनच्या धाग्याने पायाची संवेदना तपासतात. डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंडांसाठी लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिनही त्याच वेळी.

नवी आई, हिंगणा

गरोदरपणात ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला देऊन तपासलं, त्यात निघाला. चालणं आणि आहार यावरच भागलं. बाळ झाल्यावर साखर आपोआप उतरली, पण सहा ते बारा आठवड्यांत पुन्हा तपासायची असते, आणि पुढेही अधूनमधून, कारण टाइप २ चा धोका राहतो. बाळाच्या गडबडीत हे राहून जातं, मैत्रिणींनो.

काकू, धरमपेठ

तर्री पोहे सोडा म्हणणाऱ्या आहारतज्ज्ञाकडे मी दुसऱ्यांदा जाणार नव्हते. दुसऱ्या बाईंनी मीटर हातात दिलं आणि म्हणाल्या, खा आणि दोन तासांनी बघा. भरली बशी पोहे खाल्ले की आकडा उडी मारतो. निम्मे पोहे आणि तर्रीतले चणे दुप्पट घेतले की पुष्कळ कमी चढतो. सावजीचं तसंच: रस्सा तिखट असला म्हणून साखर चढत नाही, सोबतच्या भाताने चढते, आणि तेलाचा भार वेगळा. संत्रं फोडी करून, एका वेळी एक. रस नाही, कारण रस काढताना चोथा निघून जातो आणि तीन-चार संत्री एका घोटात पोटात जातात. उपवासाची साबुदाणा खिचडी मी बंदच केली. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट आहे, देव त्यासाठी रागावणार नाही. जेवल्यावर पंधरा मिनिटं शंकरनगरच्या दिशेने चालते, तेवढ्यानेही फरक दिसतो.

वर्गशिक्षिका (धागा काढणारी)

कामठी रोडवरून एकांनी विचारलंय की ओळखीच्या वैद्यांचा काढा घेतला तर मुलाचं इन्सुलिन बंद होईल का. याला मी लगेच उत्तर देते. नाही. टाइप १ असलेल्या मुलाचं इन्सुलिन बंद केलं तर एक-दोन दिवसांत तो प्रतापनगरच्या ताईंच्या मुलीसारखा आयसीयूत असेल, आणि प्रत्येक मूल परत येतंच असं नाही. कारलं, मेथी, काढा, कशानेही मेलेल्या पेशी जिवंत होत नाहीत. आशा दाखवून कुणी सुई थांबवायला सांगत असेल तर त्या दारातून मुलाला घेऊन बाहेर पडा. निदान झाल्यावर सुरुवातीला काही आठवडे किंवा महिने इन्सुलिनची गरज खूप कमी होते, डॉक्टर त्याला हनिमूनचा काळ म्हणतात. नेमका त्याच काळात काढा सुरू असेल तर गुण काढ्याला आला असं वाटतं. गरज पुन्हा वाढतेच.

बाबा, नंदनवन

मुलगा नऊ वर्षांचा, निदान नवीन आहे. काल ताप होता, काहीच खाल्लं नाही. जेवणच नाही तर इन्सुलिन द्यायचं का? रात्रभर समजत नव्हतं.

आई, प्रतापनगर

दादा, दीर्घकाळ टिकणारं कधीच बंद करायचं नाही. तापात शरीराला उलट जास्त लागू शकतं. जेवणाचं किती द्यायचं किंवा कमी करायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारा, रात्र असली तरी करा, ते रागावत नाहीत. दर दोन-तीन तासांनी शुगर बघा, रात्री गजर लावून. कीटोनच्या पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात, लघवीत तपासता येतं. पाणी घोट घोट चालू ठेवा. शुगर खाली जात असेल तर साखर घातलेलं लिंबूपाणी. उलट्या थांबत नसतील, कीटोन आले असतील किंवा श्वास जोरात चालला असेल तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा आणि दारातच सांगा, "टाइप १ आहे." आत्ता शुगर किती आहे त्याची?